गाठ कुठवर पोचली? मूत्रमार्गाचा कॅन्सर आणि माझे सीटी स्कॅन

दुर्बिणीतून काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आला तेव्हा निदान झालेलंच होतं: मूत्रमार्गाचा कॅन्सर, स्क्वॅमस सेल म्हणजे चपट्या पेशींच्या प्रकारचा. तरी डॉक्टरांनी त्याच दिवशी छाती, पोट आणि ओटीपोटाचा सीटी स्कॅन लिहून दिला. घरात सगळ्यांचा एकच प्रश्न होता, कॅन्सर आहे हे कळलंय तर आता आणखी स्कॅन कशाला? मलाही वाटत होतं की आधी स्कॅन आणि मग तुकडा असा क्रम असायला हवा. पुढच्या काही आठवड्यांत मी जे पाहिलं आणि विचारून घेतलं ते इथे सविस्तर लिहितो. हा आजार इतका विरळ आहे की अनुभव विचारायला माणूस सापडत नाही. मूत्रसंस्था आणि जननेंद्रियं यांचे जेवढे कॅन्सर होतात, त्यांत मूत्रमार्गाच्या कॅन्सरचा वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे.

माझं दुखणं जुनं. तरुणपणी शिडीवरून घसरलो आणि खालच्या आडव्या लोखंडी दांड्यावर दोन पाय दोन बाजूंना असा आदळलो. दोन बरगड्या मोडल्या, त्या जुळून आल्या. पण लघवीच्या वाटेला झालेली जखम भरताना तिथे वण धरला आणि वाट अरुंद झाली. याला स्ट्रिक्चर म्हणतात. पुढे वर्षानुवर्षं तेच चालू राहिलं. धार बारीक झाली की जायचं, डॉक्टर आतून सळई घालून वाट रुंद करायचे, मग बरेच महिने सुखाचे जायचे.

मग यात फरक पडायला लागला. रुंद केलेली वाट लवकर लवकर बंद होऊ लागली. लघवी होत नसतानाही कपड्यांवर रक्ताचे डाग दिसू लागले. बसलं की वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेत काहीतरी टणक टोचायचं. आधीच्या ठिकाणी हे सांगितलं तर जंतुसंसर्गाच्या गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या युरॉलॉजिस्टकडे गेलो, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा त्या जागी बोटाने दाबून पाहिलं, दोन्ही जांघा चाचपल्या आणि म्हणाले, "हे नुसतं स्ट्रिक्चर वाटत नाही मला." ज्यांना जुनं स्ट्रिक्चर आहे त्यांना मी कळकळीने सांगेन की दुखणं जुनंच असलं तरी ते वेगळं वागायला लागलं, रक्त यायला लागलं, गाठ लागायला लागली, तर तुकडा तपासण्याबद्दल स्वतःहून विचारा. वर्षानुवर्षं टिकून राहिलेली सूज आणि वण या कॅन्सरचा धोका वाढवतात. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा; त्यांच्यात हाच आजार "पुन्हा इन्फेक्शन झालं" या नावाखाली बराच काळ लपून राहू शकतो.

युरॉलॉजिस्टनी आधी मूत्रमार्गात पुढून औषध सोडून एक्स-रे काढला. जुन्या एक्स-रेत अरुंद भागाच्या कडा गुळगुळीत होत्या. या वेळी त्या कुरतडल्यासारख्या दिसत होत्या. लगेच भूल देऊन दुर्बीण टाकली, तुकडे काढले. वाट इतकी चिंचोळी झाली होती की लघवीसाठी बेंबीच्या खालून, पोटातूनच मूत्राशयात नळी बसवावी लागली. त्या नळीचा पुढे स्कॅनशी संबंध येणार होता.

तुकड्याच्या रिपोर्टनंतर डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून दाखवली. पुरुषाचा मूत्रमार्ग साधारण वीस सेंटिमीटर लांब. मूत्राशयातून निघून तो प्रोस्टेटमधून जातो, मग स्नायूंच्या पडद्यातून, मग वृषणांच्या मागचा जरा फुगीर बल्बर भाग, शेवटी शिश्नातून बाहेर. माझी गाठ बल्बर भागात होती. "कॅन्सर आहे की नाही, हे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघूनच सांगता येतं," ते म्हणाले. "सीटीत नुसता जाड झालेला भाग दिसेल. तो वणाने जाड झालाय, सुजेने झालाय की कॅन्सरने, हे सीटी खात्रीने सांगू शकत नाही. मला सीटीकडून वेगळं उत्तर हवंय. हा इथेच आहे की बाहेर पडलाय?"

बाहेर पडण्याच्या वाटाही त्यांनी बाणांनी दाखवल्या. मूत्रमार्गाच्या पुढच्या भागातली लसिका (ऊतींमधून झिरपणारा द्रव, लिम्फ) जांघेतल्या लसिकाग्रंथींकडे जाते, मागच्या भागातली ओटीपोटाच्या आतल्या लसिकाग्रंथींकडे. बल्बर भागातून दोन्हीकडे जाऊ शकते, म्हणून दोन्हीकडे पाहायचं. शिवाय फुप्फुसं, यकृत, हाडं. ही सगळी ठिकाणं एका झोपण्यात दाखवायला सीटीइतकी सोयीची तपासणी नाही. गाठ जागच्या जागी किती खोल रुतली आहे, शेजारच्या स्पंजासारख्या ऊतींत किंवा त्यापलीकडे शिरली आहे का, हे पाहायला मात्र एमआरआय, कारण मऊ ऊतींमधला बारीक फरक त्यात कितीतरी स्पष्ट दिसतो. तुकडा, एमआरआय, सीटी असे तीन वेगळे प्रश्न आणि तीन वेगळी उत्तरं. हे समजल्यावर घरातल्या माणसांची तगमग निम्म्याने कमी झाली.

स्कॅन लगेच झाला नाही. शिरेतून जे औषध देतात, ज्याला सगळे "डाय" किंवा कॉन्ट्रास्ट म्हणतात, ते आयोडिनयुक्त असतं आणि किडनीवाटे बाहेर पडतं. म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात; किडनीचं काम मंदावलं की ते वाढतं. माझं वाढलेलं निघालं. वाट तुंबल्यामुळे किडन्यांवर ताण आला होता. पोटातल्या नळीने लघवी मोकळी वाहू लागल्यावर आकडा काही दिवसांत खाली आला आणि मग तारीख मिळाली. ते थांबणं मला फार जड गेलं. कॅन्सर आहे हे कळल्यावर प्रत्येक दिवस तो पसरतोय असंच वाटत राहतं. डॉक्टर मात्र ठाम होते. पुढे जी केमोथेरपी लागण्याची शक्यता होती तिच्यातलं सिस्प्लॅटिन हे औषधही किडनीलाच त्रास देतं, त्यामुळे किडनी सांभाळणं हा उपचाराचाच भाग आहे असं त्यांनी समजावलं.

फॉर्मवर बरेच प्रश्न होते. आधी कधी या औषधाची ॲलर्जी आली का, दमा आहे का, थायरॉइडचा त्रास, मधुमेह, कुठल्या गोळ्या चालू आहेत. मी मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेतो. किडनीचं काम फार मंद असेल तर ही गोळी काही काळ बंद ठेवायला सांगतात. माझा आकडा सुधारल्यामुळे बंद करावी लागली नाही. हे आपल्या मनाने ठरवू नये, विचारूनच घ्यावं. "पूर्वीचे अपघात" या रकान्यात मी बरगड्यांचं लिहिलं. मुलगी म्हणाली, "बाबा, चाळीस वर्षांपूर्वीचं कशाला लिहिताय?" पण ते लिहिणं कामी आलं.

आता प्रत्यक्ष स्कॅन. यंत्र म्हणजे एक मोठं जाड कडं आणि त्यातून मागेपुढे सरकणारं टेबल. एमआरआयसारखा लांब बोगदा नाही, त्यामुळे कोंडल्यासारखं वाटलं नाही. कोपराच्या खोबणीत जाडसर सुई बसवली, कारण औषध हाताने न देता पंप वेगाने सोडतो. टेक्निशियनने आधी थोडं सलाईन सोडून हात फुगत नाही ना, हे निरखून पाहिलं. औषध शिरेबाहेर गेलं तर दुखतं, हात सुजतो, म्हणून सुईजवळ जळजळ झाली तर लगेच ओरडायचं, असं दोनदा बजावलं.

मग नळीचा प्रश्न आला. मूत्राशय थोडं भरलेलं असलं तर त्याची भिंत आणि मान नीट दिसते, आणि माझ्या नळीतून लघवी सतत पिशवीत जात होती. युरॉलॉजिस्टनी चिठ्ठीवर तसं लिहिलं होतं, म्हणून स्कॅनच्या आधी नळीला चिमटा लावला. पिशवी रिकामी करून माझ्या नडग्यांच्या मध्ये ठेवली, नळीला वळसा दिला आणि टेबल एकदा पूर्ण आतबाहेर सरकवून ती कुठे अडकत नाही, ताणली जात नाही हे पाहिलं. माझं सगळं लक्ष त्या नळीवर होतं. टेक्निशियनच्या ते लक्षात आलं असावं. "काका, नळीची काळजी माझी. तुम्ही फक्त श्वासाकडे बघा," तो म्हणाला. त्या एका वाक्याने मला जो धीर आला तो मी विसरणार नाही.

दोन्ही हात डोक्यावर. पहिली फेरी औषधाशिवाय. भिंतीतल्या स्पीकरमधून आवाज: श्वास घ्या, रोखा, सोडा. मग औषध. आधी घशाशी ऊब, तोंडात धातूसारखी चव, आणि क्षणात ती ऊब छातीतून पोटात, पोटातून खाली ओटीपोटात उतरली. आपल्याला लघवी झाली असं अगदी हुबेहूब वाटतं. ज्याचं दुखणंच तिथलं त्याला हे घाबरवणारं आहे, म्हणून मुद्दाम लिहितो: तसं झालेलं नसतं. औषधाने रक्तवाहिन्या रुंदावतात, त्याची ती ऊब असते आणि मिनिटभरात ओसरते. अंगावर खाज, पित्त उठणं, श्वास लागणं असं काही झालं तर मात्र गप्प राहू नये. त्यावरचे उपाय तिथे तयार ठेवलेले असतात.

औषध शरीरात फिरून यकृत आणि लसिकाग्रंथी उजळतात त्या वेळी, म्हणजे साधारण सत्तर सेकंदांनी, मुख्य फेरी झाली. त्यानंतर काही मिनिटं तसंच पडून राहायचं होतं. तोवर औषध किडन्यांतून गाळून मूत्रवाहिन्यांत आणि मूत्राशयात उतरतं आणि लघवीची सगळी वाट पांढरीशुभ्र दिसते. ही उशिराची फेरी प्रत्येकाला लागतेच असं नाही. कॅन्सर युरोथेलियल प्रकारचा, म्हणजे लघवीच्या वाटेच्या आतल्या अस्तराचा असेल तर ती महत्त्वाची, कारण किडनीच्या आतल्या पोकळीपासून मूत्रमार्गाच्या सुरुवातीच्या भागापर्यंत अस्तर त्याच जातीचं असतं आणि दुसरीकडेही गाठ असू शकते. माझा प्रकार वेगळा होता, पण तुंबलेल्या किडन्या आता मोकळ्या झाल्या का, हे डॉक्टरांना पाहायचं होतं.

चिमटा लावलेलं मूत्राशय भरत होतं आणि कळ वाढत होती. तेवढी मिनिटं फार लांबली. फेरी संपताच टेक्निशियनने सगळ्यात आधी चिमटा काढला, मग सुईकडे वळला.

रिपोर्ट हाती आल्यावर तो घरी एकट्याने वाचत बसू नये असं माझं मत झालं आहे. आम्ही वाचला आणि रात्रभर कोणी झोपलं नाही. मूत्रमार्गाच्या जागी अनियमित जाडी, औषधाने उजळणारी, "नेमक्या व्याप्तीसाठी एमआरआयशी ताडून पाहावे". उजव्या जांघेत १२ मिलिमीटरची लसिकाग्रंथी, गोलसर, मधला चरबीचा भाग न दिसणारी. ओटीपोटात मोठ्या ग्रंथी नाहीत. डाव्या किडनीत पाण्याची गाठ. उजव्या फुप्फुसात कडेला ४ मिलिमीटरचा ठिपका, "निश्चित सांगता येत नाही". डाव्या बाजूच्या दोन बरगड्यांवर जुने जुळलेले अस्थिभंग, "रुग्णाने दिलेल्या इतिहासाशी सुसंगत". शेवटची ओळ वाचून मुलीने माझ्याकडे पाहिलं. हाडावरची अशी खूण, इतिहास माहीत नसता तर, आणखी एका तपासणीचं निमित्त ठरू शकली असती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला रेडिओलॉजिस्टकडेच, म्हणजे स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांकडेच नेलं. पडद्यासमोर बसून त्यांनी एकेक गोष्ट उलगडून दाखवली, आणि माझ्या सगळ्या आजारपणातला तो सर्वांत मोलाचा अर्धा तास होता.

किडनीतल्या गाठीवर त्यांनी कर्सर ठेवला. आकडा आला शून्याच्या जरा वर. सीटीत प्रत्येक बिंदूची घनता आकड्यात मोजता येते: पाणी शून्य, हवा उणे हजार, चरबी उणे शंभराच्या आसपास, हाड कित्येक शेकडे. ज्या इंजिनिअरने हे यंत्र घडवलं त्या गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या नावाने हे एकक ओळखलं जातं. १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा असा स्कॅन झाला आणि १९७९ साली हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉर्मॅक यांना नोबेल मिळालं. माझ्या किडनीतल्या गाठीचा आकडा पाण्याचा होता आणि औषध दिल्यानंतरही तो वाढला नव्हता, म्हणजे आत रक्तपुरवठा नाही. साधी पाण्याची गाठ. विषय तिथेच संपला.

जांघेतली ग्रंथी तशी सुटली नाही. ग्रंथीची जाडी तिच्या आखूड बाजूने मोजतात. निरोगी ग्रंथी लांबट, चपटी आणि मध्ये चरबी असलेली दिसते. माझी गोल होत चालली होती. आमची ही म्हणाली, "अहो, नळी बसवलीय, मधे ताप येऊन गेला. अवधाण असेल, संसर्गाने आलेलं." शंका रास्त होती आणि रेडिओलॉजिस्टनी ती मान्यही केली. सुजेने वाढलेली आणि कॅन्सरने वाढलेली ग्रंथी सीटीवर सारखी दिसू शकते. उलट आकाराने अगदी नेहमीसारख्या ग्रंथीत कॅन्सरच्या मोजक्या पेशी असतील तर सीटीला त्या दिसणारच नाहीत. सीटीला आकार आणि रूप दिसतं, पेशी दिसत नाहीत, आणि ही मर्यादा त्यांनी कुठलाही आडपडदा न ठेवता सांगितली. युरॉलॉजिस्ट म्हणाले की शिश्नाच्या कॅन्सरमध्ये जांघेतल्या गाठी पुष्कळदा नुसत्या संसर्गाने वाढलेल्या निघतात, पण मूत्रमार्गाच्या कॅन्सरमध्ये हाताला लागणारी गाठ बहुतेक वेळा कॅन्सरचीच निघते. म्हणून अँटिबायोटिक देऊन वाट पाहायला ते तयार नव्हते. सोनोग्राफीवर बघत बारीक सुई घातली आणि पेशी काढल्या.

त्यात कॅन्सर निघाला.

त्या रिपोर्टनंतरचे दिवस वाईट गेले. हिने माझ्यासमोर एकदाही डोळ्यांतून पाणी काढलं नाही, आणि मला ते कळत होतं. पण एक गोष्ट त्याच वेळी लख्ख समजली: सीटीने त्या ग्रंथीकडे बोट दाखवलं नसतं तर उपचाराचा आराखडाच वेगळा झाला असता. गाठ जागच्या जागीच आहे असं धरून थेट शस्त्रक्रियेला घेतलं असतं. आता आधी केमोथेरपी आणि मग शस्त्रक्रिया, त्यातच जांघेतल्या ग्रंथीही काढायच्या, असं डॉक्टरांच्या एकत्र बैठकीत ठरलं. केमोथेरपीबद्दल इथे लिहीत नाही. तो मोठा आणि वेगळा विषय आहे.

फुप्फुसातला ठिपका मात्र लोंबकळत राहिला. ४ मिलिमीटर इतका लहान की सुई घालून तपासण्यात अर्थ नाही. असे ठिपके पुष्कळ धडधाकट माणसांच्या फुप्फुसांतही सापडतात, जुन्या संसर्गाच्या खुणा म्हणून. पण कॅन्सरच्या रुग्णाला तसं नुसतं म्हणून भागत नाही. करण्याजोगं एकच होतं, काही काळाने पुन्हा स्कॅन करून तुलना करायची. उत्तर नसलेल्या प्रश्नासोबत जगणं मला सुईपेक्षा, केमोपेक्षा कठीण गेलं. रात्री श्वास घेताना त्या जागी काही जाणवतंय का, हे मी चाचपून बघायचो. तिथे काही जाणवणं शक्यच नाही, हे रेडिओलॉजिस्टनी सांगूनही.

दुसऱ्या स्कॅनच्या आधी मुलीने किरणोत्साराचं विचारलं. पोट आणि ओटीपोटाच्या एका फेरीत साधारण दहा मिलिसिव्हर्टच्या (किरणोत्साराची मात्रा मोजायचं एकक) आसपास मात्रा मिळते, आणि फेऱ्या वाढल्या की ती वाढते. निसर्गातून माणसाला वर्षाकाठी जगभरात सरासरी सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात. आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही, त्यामुळे विनाकारण स्कॅन करू नये हे खरं. पण माझ्या बाबतीत पुढच्या शस्त्रक्रियेचा निर्णय त्यावर अवलंबून होता, तेव्हा मला क्षणभरही शंका वाटली नाही. आणि या वेळी औषधाशिवायची पहिली फेरी आणि उशिराची शेवटची फेरी दोन्ही गाळल्या, कारण त्यांचे प्रश्न सुटलेले होते. कुठली फेरी कशासाठी, हे विचारलं तर सांगतात. आम्ही विचारलं.

पहिल्या स्कॅनच्या चित्रांची सीडी मी सोबत नेली होती. नुसता छापील रिपोर्ट तुलनेला पुरत नाही. रेडिओलॉजिस्टला जुनी चित्रं शेजारी ठेवून, त्याच पातळीवर, त्याच दिशेने मोजावं लागतं. त्यांनी दोन्ही पडद्यांवर दोन्ही स्कॅन लावले. जांघेतली ग्रंथी १२ वरून ७ मिलिमीटरवर आली होती. ओटीपोटात नवीन काही नव्हतं, यकृत स्वच्छ. मग फुप्फुस. ठिपका होता तिथेच, होता तेवढाच. "ग्रंथी केमोने आकसली आणि हा जागचा हलला नाही," रेडिओलॉजिस्ट म्हणाले. "कॅन्सर असता तर दोघांनी सारखं वागण्याची शक्यता जास्त होती. जुना वण असावा." खात्रीचा शिक्का त्यांनी तेव्हाही मारला नाही. पुढच्या स्कॅनमध्ये पुन्हा पाहू, म्हणाले.

शस्त्रक्रिया झाली. काढलेल्या ग्रंथींची तपासणी पुन्हा सूक्ष्मदर्शकाखालीच झाली, आणि सीटीत ७ मिलिमीटरच्या दिसणाऱ्या त्या ग्रंथीत थोड्या जिवंत कॅन्सरपेशी सापडल्या. सीटीवर ती आता नेहमीच्या आकाराची होती. आकसली आहे म्हणून ग्रंथी काढायचं टाळू या का, असं मीच मधे विचारलं होतं, आणि डॉक्टरांनी शांतपणे नाही म्हटलं होतं.

आता ठरावीक अंतराने स्कॅन होतात. दर वेळी चिठ्ठीवर मी तीन गोष्टी लिहून घेतो: मूळ गाठ कुठे होती आणि कुठल्या प्रकारची, आतापर्यंत काय उपचार झाले, आणि कुठल्या जुन्या स्कॅनशी तुलना करायची. बरगड्यांचंही लिहितो. मागच्या रिपोर्टमध्ये फुप्फुसातल्या ठिपक्यापुढे "बदल नाही" असं आहे. त्याची पुढची तुलना याच महिन्यात आहे, क्रिएटिनिन काल दिलं.